वर्षभराचं दळण

नोकरी सोडली की माणूस मोकळा होतो, असं म्हणणाऱ्यांनी माझा साडू पाहिलेला नाही. हा गृहस्थ नोकरीत होता तेव्हा रविवारी घरी तरी सापडायचा. चंद्रपूर जिल्ह्यात गावोगाव घरगुती पिठाच्या चक्क्या विकायचा, घुग्घुसपासून पार सावलीपर्यंत. मग टार्गेटच्या कटकटीला वैतागून त्यानं राजीनामा दिला, हार्डवेअरच्या दुकानात लागला, आणि त्याची खरी मेहनत तिथून सुरू झाली. कारण कंपनीची अट भारी होती. चक्की विकली की कमिशन आगाऊ हातात, पण गिऱ्हाइकानं वर्षाच्या आत ती परत केली तर नोकरीत असा की नसा, कमिशन परत भरा. आणि साडूचं कमिशन तर पोरीच्या नर्सिंगच्या फीमध्ये कधीच गेलेलं. शेवटच्या महिन्यांत विकलेल्या चौदा चक्क्या त्याच्या छातीवर बसल्या होत्या.

त्यानं शोधलेला उपाय दुसऱ्या कोणाला सुचला नसता. वापरातली चक्की कोणी परत करत नाही, म्हणून हा स्वतःच दळण घेऊन गिऱ्हाइकांच्या घरी निघायचा. मोटरसायकलला तांदूळ, ज्वारी, हरभऱ्याची डाळ बांधून गडचांदूरला जायचा, चक्कीला कान लावून डॉक्टरसारखा आवाज ऐकायचा, जाळी झाडायचा आणि दोन किलो दळून आणायचा. वर दळणावळीचे पैसेही देऊन यायचा, ते वेगळंच. गिऱ्हाइकाच्या घरच्या लग्नालाही बुवा आहेराऐवजी गहू घेऊन गेला. घरात पिठाचे डबे मावेनात, तेव्हा ते आमच्याकडे येऊ लागले. आम्ही सकाळी तांदळाचे आयते, म्हणजे धिरडी, खायचो, रात्री तांदळाची भाकर. माझी मेव्हणी म्हणायची, "नोकरी सोडून राह्यले का चक्कीवाले बनून राह्यले, काईच समजत नाई."

तेरा चक्क्यांचं वर्ष सुखरूप पार पडलं. सावलीजवळच्या एका बाईंच्या चक्कीचे अकरा दिवस उरले होते. त्या दिवशी मीही सोबत होतो. पाहतो तर चक्कीवर चादर, आणि बाईंचा नवरा पोट धरून खाटेवर पडलेला. ऑपरेशन सांगितलं होतं, पैसे नव्हते. साडूनं विचारलं, "बाई, मंग मशीन वापस काऊन नाई केली? पैसे भेटले असते ना."

"करणारच होतो भाऊ," बाई म्हणाल्या. "पण ऑफिसवाले म्हणे, तुमच्या खिशातून पैसे जातीन, म्हणून ठेवली. अकरा दिवस तं राह्यले."

साडूनं ऑटो बोलावला, आम्ही दोघांनी चक्की चढवली आणि कंपनीच्या चंद्रपूरच्या ऑफिसात नेऊन टाकली. आगाऊ घेतलेलं कमिशन त्यानं तिथंच भरलं. त्याच्याजवळ निम्मेच निघाले, निम्मे मी दिले. संध्याकाळी बाईंचे पैसे घेऊन आम्ही परत गेलो. ते न मोजता बाईंनी आधी विचारलं, "भाऊ, तुमचे तं नाई ना कापले?"

"मी नोकरीच सोडली बाई," साडू हसत म्हणाला. "आता माह्ये कायचे कापतीन?"

बाईंचा जीव भांड्यात पडला. पैसे भरल्याची पावती साडूच्या खिशातून अर्धी बाहेर आली होती. मी पुढे होऊन ती हळूच आत ढकलली. सख्खा भाऊ नाही मला, पण त्या दिवसापासून तसं म्हणवत नाही.