दावी कापणारी नीलम्मा

नांदूरघाटात नीलम्माचं किराणा दुकान. वय बावन्न, तोंड फटकळ. पुरात जनावरं कशी वाचवायची याचं केजला तीन दिवसांचं शिबिर झालं, तेव्हा गावातून ती एकटीच गेली. लोक हसले. शिबिरातलं एक तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं : बांधलेलं जनावर जागीच बुडतं, सुटलेलं पोहून निघतं.

सप्टेंबरात नदी फुगली त्या दुपारी गावातला विजयसिंह केजला गेला होता. नदीकाठच्या त्याच्या गोठ्यात अकरा जनावरं. आत मांडीभर पाणी चढलेलं. नीलम्मा विळा घेऊन शिरली आणि सपासप दावी कापत गेली. दहा जनावरं टेकाडावर चढली. दुभती म्हैस मात्र दारातून माघारी फिरली, बिथरली आणि पुराच्या धारेत वाहून गेली.

दुसऱ्या दिवशी विजयसिंह दुकानापुढं उभा राहिला.

"माझ्या गोठ्यात कशाला शिरलीस? कुणी बोलावलं तुला?"

"पाण्यानं बोलावलं. दहा वाचली, ती दिसंनात का तुला?"

"ती वाचणारच होती! म्हैस तू मारलीस. चारचौघांत माफी माग."

"न्हाई मागत. जा."

गावानं त्याची बाजू घेतली. गिऱ्हाईक दुकान ओलांडून पुढं जाऊ लागलं. नीलम्मा वाकली नाही. पण एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. म्हशीचं रेडकू कोपऱ्यात बांधलेलं होतं आणि तिनं म्हैस आधी सोडली होती. रेडकासाठीच म्हैस माघारी फिरली. आधी रेडकू सोडायला हवं होतं. हे तिला रोज टोचायचं, आणि टोचलं की ती आणखीच वस्सकन अंगावर जायची.

विजयसिंहनं दावी काढून लोखंडी साखळ्या आणल्या. सगळ्या एका आडव्या दांड्याला ओवल्या आणि दांड्याला कुलूप घातलं. "आता ये म्हणावं विळा घेऊन," असं पारावर सांगत फिरला.

पंधरा दिवसांनी पाणी पुन्हा चढलं. विजयसिंह पलीकडच्या काठाला अडकला. नीलम्मा त्याच्या घरी गेली. दारात त्याची आई, छबुबाई.

"मावशी, चावी द्या."

"एक म्हैस खाल्लीस, पोट भरलं न्हाई का?"

"शिव्या मागनं द्या. जनावरं ओरडायलीत, ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं. छबुबाई आत गेली आणि चावी आणून तिच्या पायाशी फेकली. "घे. पन परत आमची पायरी चढू नगंस."

नीलम्मानं चिखलातून चावी उचलली. कुलूप काढून आधी रेडकू आणि दोन वासरं टेकाडावर हाकलली, मग मोठी जनावरं. पाणी छातीला लागलं तेव्हा शेवटचा बैल बाहेर पडला. एकही जनावर गेलं नाही.

पूर ओसरल्यावर विजयसिंह दुकानात आला. हा आता काय बोलतो म्हणून तिनं क्षणभर वाट पाहिली.

"चावी दे."

तिनं चावी फळीवर आपटली.

"आयनं सोडली जनावरं. गावात तसंच सांगितलंय मी."

"सांग की. मला काय तुझा हार घालून घ्यायचाय? पन पुन्हा कुलूप लावलंस, तर मी करवत घेऊन येईन."

"येऊन तर बघ."

"येणारच हाय."

तो गेला. कुलूप त्यानं पुन्हा लावलं. नीलम्मानं त्याच आठवड्यात केजच्या बाजारातून लोखंड कापायची करवत आणली.