तिथीची पाऊणपट

सारसोळ्याच्या जानूला भरती बघायला घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे बापाने त्याला होडीत बसवून शिकवलं होतं. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हल्ली मोबाइलवरही वेळ दिसते म्हणा, पण आत शिरलेल्या खाडीत ती अर्धा तास तरी चुकते. जानूची चुकत नसे. बापाची होडी मोडीत गेली, जानू कागदाच्या कारखान्यात लागला, आणि बापाची विद्या तिथे भलत्याच कामाला आली.

त्या कारखान्यात लाकडाचे तुकडे कॉस्टिक आणि गंधकाच्या पाण्यात शिजवतात. सडक्या अंड्यांचा वास सुटतो. लगदा निघतो तो तपकिरी, मग क्लोरीन मारून तो पांढरा करायचा, कारण आपल्याला वही पांढरीशुभ्र हवी असते. धुऊन उरलेलं चहाच्या रंगाचं फेसाळ पाणी शुद्ध करूनच खाडीत सोडायचं, असा नियम. शुद्ध करणारी यंत्रणा बहुतेक वेळा बंदच असे. मॅनेजर केयूर साहेबांनी एकदा जानूला चहा पाजला आणि विचारलं, "जानूभाऊ, तुम्ही खाडीतली माणसं. पाणी झटकन लांब जाईल अशी वेळ कोणती?"

साहेबाने आपल्याला विचारावं! जानू हरखला. भरती भरून पाणी उतरायला लागलं की अर्ध्या तासाने नाल्याचा दरवाजा उघडायचा, ओहोटी सगळं ओढून नेते. सात वर्षं त्याने तेच केलं. काठावर कधी डाग राहिला नाही. कारखान्यात त्याला 'पंचांग' म्हणायचे आणि त्याला ते आवडायचंही. दर जूनमध्ये लेकीला, भाग्यश्रीला, वह्यांचा गठ्ठा मिळायचा.

अष्टमीच्या सुमाराला मात्र खाडीला भांग असतो, पाण्याला ओढ नसते. ते दोन-तीन दिवस जानू दरवाजा बंद ठेवायला लावायचा. या वेळी टाक्या काठोकाठ भरल्या होत्या आणि साहेब ऐकेनात. जानूनेही मनाची समजूत काढली. भांगात होड्या काठाला असतात, खाडीत कोण असणार? अष्टमीच्या सकाळी साडेसहाला त्याने दरवाजा उघडला.

होड्या काठाला होत्या, हे खरं. पण होड्या थांबल्या की मासळी कमी पडते, म्हणून बाया चिखलात उतरून हाताने निवट्या धरतात. वीस वर्षं संसार केलेल्या जानूला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? त्याची बायको कमळीच त्या बायांत पुढे असायची. पण बापाने शिकवलेल्या हिशोबात होड्या होत्या, बाया नव्हत्या.

दुपारी तो घरी आला तेव्हा कमळी ओट्यावर बादलीत पाय घालून बसली होती. गुडघ्यापर्यंत कातडी लालभडक झाली होती. टोपलीत निवट्या पोटं वर करून पडल्या होत्या.

"कसलं पानी व्हतं कोन जाने," ती म्हणाली. "पाय घातला न् आगच झाली. माझ्यासंगच्या शर्मिलाचा तर डोला सुजलाय."

जानूने खोबरेल आणलं आणि तिच्या पायांना लावत बसला. त्याला स्वतःची लाज वाटत होती. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दशमीच्या संध्याकाळी देवळात गाव जमलं. मच्छीमार सोसायटीचा नामदेव म्हणाला, "उद्या प्रदूषनवाला बाटली भरायला येतोय. दोनदा आला, दोनदा पानी साफ निंगालं. जानू, तुझा हिशोब पक्का. तू सांग, कवा भरायचं?"

सगळे त्याच्याकडे वळले. सकाळी सात म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या वेळी समुद्राचं पाणी आत येत असतं, बाटली पुन्हा साफ निघाली असती आणि नोकरी राहिली असती. जानूच्या शब्दावर कोणी शंका घेतली नसती. खांबाला टेकून कमळी उभी होती, पायांना हळद फासून.

"उद्या एकादशी," जानू म्हणाला. "सव्वाआठला भरती. पावने नऊला कारखान्याच्या नाल्यापाशी उबे रवा."

"पावने नऊलाच का?"

"तवा दरवाजा उघडतात."

"तुला काय ठाव?"

"मीच उघडतो," जानू म्हणाला. "सात वर्सं. परवाबी मीच उघडला."

नामदेवने मान खाली घातली. कमळी खांब सोडून निघाली, तशी पहिल्याच पावलाला कळवळली. जानू हात द्यायला पुढे झाला. तिने भिंत धरली, आणि भिंतीच्या आधाराने एकेक पाऊल टाकत एकटीच घराकडे गेली.