गावभराच्या मेलचा एकच पत्ता, तो माहा

मंडळी, डोकं तापलं हाय, म्हून लिहून राह्यली.

आमच्या केनवडात फॉर्म कोणाचाही असो, ईमेलच्या रकान्यात माहाच पत्ता पडते. मी शाळेत शिकवते अन् मले मेल उघडता येते, एवढाच माहा गुन्हा. मंग ठिबकची माहिती, वधू-वरांची नवीन स्थळं, शेळीपालनाचं बातमीपत्र, सारं रोज मलेच येते. माह्या घरी ना बकरी हाय, ना कोणी लग्नाचं.

आज सकाळी वैतागून दोन तास बसली अन् एकेक करून सारं अनसबस्क्राइब केलं. लै हलकं वाटलं.

दुपारी शेजारच्या सुनंदावैनी आल्या. "मॅडम, आमच्या पूजाच्या नर्स भरतीचं काई आलं काय?"

ते बी सकाळीच बंद केलं होतं. वेबसाइट उघडून पाह्यली, तं परीक्षेची तारीख आजच लागली होती. परीक्षा चारच दिवसांवर.

वैनी म्हणाल्या, "दुसऱ्याची डाक कोणी असं बंद करते काय?"

मी म्हटलं, आता पूजाचा स्वतःचा ईमेल काढू. "कायले? तुमचा हाय ना," वैनी म्हणाल्या. तरी मी काढाले बसली. पासवर्ड विसरला तं कळवाले दुसरा पत्ता द्या, असं त्यात आलं. वैनी शांतपणे म्हणाल्या, "तुमचाच टाका."

टाकला. संध्याकाळी माह्या रिकाम्या इनबॉक्सात पहिला मेल आला, पूजाच्या नव्या खात्याचा.

तुमच्या गावचं पोस्ट ऑफिस कोण हाय, अन् त्याले सुट्टी कोण देते?