लाल होतं, घालवलं

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला मी ताण आणि थकवा शिकवते. माणसांचा नव्हे, लोखंडाचा. त्या दिवशी एका विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट तपासत होते. पवना धरणाकाठी त्याच्या वडिलांचा कॅम्प आहे, तिथला मोठा झोका ज्यावर टांगलाय त्या लोखंडी ब्रॅकेटचं विश्लेषण त्यानं संगणकावर केलं होतं. पडद्यावर सगळं निळं. ताण जिथं जास्त, तिथं संगणक लाल दाखवतो. जिथं ताण हमखास साठतो त्या वेल्डच्या कोपऱ्यावरही निळं म्हटल्यावर मला शंका आली.

"लाल होतं मॅडम," तो म्हणाला. "मेशचे चौकोन मोठे केले, मग गेलं."

चेहऱ्यावर जराही संकोच नाही. ही युक्ती आमच्याकडे सीनियरकडून ज्युनियरकडे जुन्या जर्नलसारखी उतरते. संगणक वस्तूचे बारीक चौकोन पाडून ताण मोजतो, ती जाळी म्हणजे मेश; चौकोन मोठे केले की कोपऱ्यातला ताण आजूबाजूला वाटला जातो आणि रिपोर्ट छान दिसतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तर पोराची पाठ थोपटली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लोखंड एका झोक्यात तुटत नाही. हजारो झोके मुकाट सोसतं, कोपऱ्यात केसाएवढी चीर वाढत राहते आणि एक दिवस संपतं. वर्षभर घसा फोडून हेच शिकवलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"आत्ता फोन कर, झोका बंद ठेवा म्हणावं."

"शनिवारचं बुकिंग फुल आहे, मॅडम."

मी त्याला गाडीत बसवलं आणि थेट पवनानगर गाठलं.

झोक्याच्या खांबावर तेच निळं चित्र लॅमिनेट करून लावलेलं. खाली ठळक अक्षरात, 'इंजिनियरांनी तपासलेला झोका'. मग त्याच्या वडिलांना सगळं सांगितलं, तेही चढ्या आवाजात. ते माझ्याकडे बघतच नव्हते, लेकाकडे बघत होते.

"व्हय रं? लाल हुतं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"आन् मी ह्या चित्राच्या भरोशावर रोज सकाळी पैल्यांदा तुज्या बहिणीला बसवतोय. लोकांची भीती जावी म्हणून."

पोरानं शिडी लावून झोका उतरवला. चित्रही काढलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच "सॉरी मॅडम" म्हणाला.

"मला कशाला म्हणतोस?" मी ओरडले. "घरी जा आणि तिला सांग."