मी तिला उचलत राहिलो

ही गोष्ट मी चार वर्षं लपवली. मुलीपासून, शेजाऱ्यांपासून, आणि जिची ती आहे तिच्यापासूनही. लोक माझ्या सेवेचं कौतुक करतात आणि मी ऐकून घेतो. आता ऐकवत नाही.

अमरावतीच्या एका शाळेत मी आयुष्यभर व्यायाम शिकवला. सत्तरीतही रोज सकाळी मैदानावर जाऊन बैठका मारायचो. अशात बायको न्हाणीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडताना फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला बजावलं, "काका, काकूंना उचलायचं नाही. खुर्चीतून त्यांचं त्यांनी उठायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वॉकर धरून न्हाणीपर्यंत चालायचं. वेळ लागला तर लागू द्या."

वेळ फार लागायचा. पंधरा पावलांना दहा-बारा मिनिटं. तिकडे सहाला मैदानावर सोबती जमत. तिसऱ्याच दिवशी मी तिला सरळ दोन्ही हातांवर उचललं.

"मी का कापसाचं बोचकं आहो?" ती हसत म्हणाली.

"त्याहून हलकी आहेस."

पुढे ती हसेनाशी झाली. "मले उठू द्या जी. घडीभर थांबाले काय होते तुमाले?"

मी थांबलो नाही. शेजारीण म्हणाली, "भाऊ, असा नवरा साऱ्यायले भेटो." ते मला आवडलं. अकोल्याहून मुलीचा फोन आला की सांगायचो, व्यायाम झाला. झाला होता, पण माझा.

तिच्या मांड्या बारीक होत चालल्या होत्या, ते दिसत होतं. प्लास्टर काढल्यावर काटकुळे झालेले मुलांचे पाय मी शाळेत कितीदा पाहिले होते. महिनाभर पळवलं की भरून यायचे. तसंच होईल, अशी मी मनाची समजूत घातली. पण म्हातारपणी मांस काही दिवसांत उतरतं आणि परत चढायला महिने लागतात. काही तर चढतच नाही. तीन महिन्यांनी मुलगी आली, तेव्हा तिच्या आईला आधाराशिवाय पलंगाच्या काठावर बसताही येत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "वय झालंय." मी मान डोलावली. सगळ्यात जास्त लाज मला त्या मान डोलावण्याची वाटते.

मुलीने तिला अकोल्याला नेलं. ती तिच्याकडून रोज व्यायाम करून घेते. मी दर रविवारी बसने जातो. परवा गेलो तेव्हा बायको खुर्चीच्या हातांवर तळवे रोवून उठायचा प्रयत्न करत होती. अर्धी उठली, पाय थरथरायला लागले, आणि माझे हात पुढे झाले.

"हात नका लावू," ती म्हणाली. मग मुलीकडे वळून, अगदी मायेनं, "तुया बाबाले पयलेपासूनच भेव वाटते, मी पडीन म्हणून."

तिला अजून असंच वाटतं. निघताना मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो, आणि बस निघून जाईल, एवढंच बोललो. बोलायचं होतं ते असं: तू पडशीन म्हणून नाही, मले उशीर होईन म्हणून उचलत होतो. माफ कर मले.