वाळवणाची पाळी

जुन्नरच्या बाजारपेठेत आमच्या आणि शेजारच्या खालाच्या घराला मिळून एकच गच्ची आहे. उन्हाळ्यात तिच्यावर पाळ्या लागतात. आज माझं वाळवण, उद्या तिचं. मी नोकरी करणारी, सदा घाईत, ती निवांत. "खाला, तुमच्या शेवया वाळेपर्यंत पावसाळा येईल," असं मी चिडवायचे.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळा सरत आला असताना, पारगावहून माझ्या भावाचा फोन आला. तो शेती करतो, हवामानाचा अंदाज आला की मला कळवतोच. म्हणाला, "ताई, उत्तरंकडनं गार वारं उतरतंय. जुन्नर-आंबेगावला परवा सांजच्याला गारा सांगितल्यात. वाळवण आवर लवकर."

माझा गहू तीन दिवस पाण्यात भिजत होता. कुरडयांचं काम हट्टी. गव्हाचा चीक निघाला की तो शिजवून लगेच घालाव्याच लागतात, आणि वर दोन कडक उन्हं हवीत. दुसऱ्या दिवशी गच्ची खालाची होती. माझी पाळी परवा, म्हणजे नेमकी गारांच्या दिवशी.

मी तिच्या दारात गेले. "खाला, उकाड्यानं माझा गहू फारच आंबलाय. उद्याची गच्ची मला द्याल? परवा तुम्ही घ्या." गहू मुळीच फार आंबला नव्हता. गारांचं मी बोललेच नाही.

तिच्या मांडीवर नातू होता. लेकीचं पहिलं बाळंतपण झालं होतं, आणि आठवडाभरात ती मंचरला सासरी परतायची होती. तिच्यासोबत द्यायला खाला हाताच्या यंत्रावर शेवया काढणार होती. लेक म्हणत होती, "अम्मी, विकतच्या दे ना." त्यावर ही म्हणाली, "विकतच्या नेल्यास तर सासू म्हणेल, आईला हात न्हाईत का?" मग माझ्याकडं वळली. "घे की गं गच्ची. अन्न वाया जाऊ नये. माझं काय, एक दिवस इकडं-तिकडं."

इतक्या सहज दिली की मला तिचाच राग आला. थोडी कुरकुर केली असती तर बरं वाटलं असतं.

माझ्या कुरडया झकास झाल्या. दुसऱ्या दिवशी खालाने पहाटेपासून शेवया काढून खाटांवर पसरल्या आणि एक कोपरा माझ्या कुरडयांच्या दुसऱ्या उन्हासाठी सोडला. मला कामासाठी नारायणगावला जायचं होतं. पाऊस सांजेचा, मी तीनपर्यंत परत. माझं उचलीन, तिलाही उचलू लागेन, म्हणजे पाप निम्मं होईल, असा माझा हिशोब.

दोन वाजता परतीच्या एसटीत बसले. वारूळवाडी मागे पडली तोच वारा एकदम गार झाला आणि टपावर गारा वाजू लागल्या.

घरी पोचले तर माझ्या कुरडया जिन्यात होत्या, कोरड्या, चादरीखाली झाकलेल्या. गच्चीवर शेवयांचा लगदा झाला होता. खाला चिंब भिजून, गुडघे धरून पायरीवर बसली होती. लेक बाळापाशी अडकलेली, म्हणून ती एकटीच वर धावली होती, आणि तिने आधी माझं उचललं होतं.

"चार दिवसांची मेहनत व्हती तुझी," ती म्हणाली. "माझं एका सकाळचं काम." मग सहज विचारलं, "तुझा भाऊ हवेचं सांगतो ना गं? या टायमाला काय बोलला न्हाई?"

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिला कळलं. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

गव्हाचं खोटं घाईत बोलून गेले होते. हे 'नाही' मात्र मी तिच्या केसांतून निथळणारं पाणी बघत बोलले. त्याची लाज आजही जात नाही.

आभाळ तसंच राहिलं, आणि खालाचे गुडघे सुजले. पुन्हा शेवया काढणं झालंच नाही. लेक निघाली तेव्हा पिशवीत दुकानातल्या शेवया होत्या. मी बाळाला टोपडं द्यायला दारात उभी होते.

"सासूला सांग, अम्मीनं केल्या व्हत्या, गारांनी नेल्या," खाला लेकीला म्हणाली. "खरं वाटलं न्हाई तर हिला फोन लाव म्हणावं. ही खोटं बोलायची न्हाई."

लेकीने माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.