शोभाच्या दारावर पाटी नाही

आमच्या गल्लीत शोभाचे किस्से वाळवणासारखे साचतात. एक उचलला की खाली दुसरा असतोच. सांगताना मी थोडी जळते, हे आधीच कबूल करते.

अमरावतीत माझं पापड-शेवयांचं छोटं दुकान आहे. पाटी आहे, लायसन्स आहे, पाकिटावर तारीख छापलेली आहे. समोरची शोभा ओसरीवर बसून काडीवर कणकेचे सरगुंडे वळते आणि गच्चीवर वाळवते. पाटी नाही, पाकीट नाही. गर्दी मात्र तिच्याच दारात!

एकदा भर दुपारी एक गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं. मी लगबगीने उठून पंखा लावला. ते म्हणालं, "काकू, शोभाताईचं घर कोणतं जी?"

अकोल्याच्या नणंदेला मी कौतुकाने माझी पाकिटं पाठवली. तिचा फोन आला, "वहिनी, पाकीट लय चांगलं हाय. आंब्याच्या रसासंगं खायाले शोभाचे सरगुंडे पाठवजा."

शेवटी मी शोभालाच विचारलं, "तू लायसन्स काहून नाही काढत?"

"कायचं लायसन्स, ताई? मी तं घरीच राहतो."

एका सकाळी हे पेपर वाचताना म्हणाले, "देशाच्या उत्पन्नात तुझं दुकान मोजतात. शोभाचं कुठे मोजतात?" मला चार दिवस फार बरं वाटलं. पाचव्या दिवशी हेच म्हणाले, "या उन्हाळ्यात नाही चाललं, तर शटर कायमचं ओढू."

उन्हाळ्यात वळायला बोलावलं की आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. त्यामुळे शोभाची हाक आली, तशी मी शटर ओढून गेले. तसंही सकाळपासून कोणी फिरकलं नव्हतं. आम्ही सहा जणी वळत होतो, तेवढ्यात टॅब घेऊन सरकारी सर्वेच्या मॅडम आल्या.

"व्यवसाय?"

"काही नाई जी, घरीच राहतो," शोभा म्हणाली. बाकीच्या चौघींनीही तेच सांगितलं. मॅडमनी तसंच भरलं आणि जाताना न्यायला अर्धा किलो बांधायला सांगितलं.

माझी पाळी आली. मी हाताचं पीठ पुसलं, ताठ बसले आणि म्हणाले, "माझं समोर दुकान आहे."

मॅडमनी मागे वळून शटरकडे पाहिलं. "चालू लिहू की बंद?"

मी पुन्हा पिठात हात घातला.

शोभाने मान वर केली नाही. "चालू लिवा, मॅडम. मी बलावलं म्हणून आज बंद हाय," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे आणखी एक काडी सरकवली.